अण्णांची सायकल

वस्तू जुनी होणे आणि निकामी होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. परंतु पुष्कळदा आपण त्यांत भेद करीत नाही. आमच्या वाड्यातील एक गंजलेली सायकल मी दुरुस्त करावयास घेतली, तेव्हा हा भेद मला नीट उमगला.

ही सायकल माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. १९६२ साली त्यांनी ती विकत घेतली आणि निवृत्त होईपर्यंत कसबा पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तिच्यावरूनच जात-येत असत. त्या काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखाना सुटण्याच्या वेळी रस्ता सायकलींनी भरून वाहत असे. संध्याकाळी कोपऱ्यावर अण्णांची घंटा वाजली, की मी धावत जाऊन पुढच्या नळीवर बसावयाचा आणि दारापर्यंत मिरवत यावयाचा. निवृत्तीनंतर ती जिन्याखाली भिंतीला टेकून उभी राहिली, ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ.

गेल्या वर्षी वाडा पाडण्याचे ठरले. नव्या घरात अडगळीला जागा नव्हती. भंगारवाल्याने सायकल उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि लोखंडाच्या भावाने किंमत सांगितली. अण्णांनी आता ऐंशी ओलांडली आहे. त्यांना फार अंधुक दिसते. ते म्हणाले, "देऊन टाक. आता तिच्यावर कोण बसणार?" शब्द सरळ होते, पण बोलताना त्यांचा हात सीटवरून सावकाश फिरत होता. मी भंगारवाल्याला परत पाठविले.

पुढचे चार रविवार अंगणात गोणपाट अंथरून मी कामाला बसलो. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसत. मी पायडल सोडविण्यासाठी पाना लावला, तोच त्यांनी विचारले, "डावे का रे ते? त्याचे आटे उलटे असतात." डावे पायडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविले असता सुटते. दोन्ही पायडलांचे आटे एकसारखे असते, तर चालविता चालविता त्यांतील एक सैल होऊन गळून पडले असते! इतक्या साध्या वस्तूमागेही कुणीतरी किती विचार केलेला असतो!

साखळी आणि छर्रे डिझेलमध्ये भिजत घातले. काळे, चिकट ग्रीस सुटताच आतले छर्रे पुन्हा चमकू लागले. बाहेरून गंजलेली ती सायकल आतून पुष्कळशी शाबूत होती. टायर आणि ट्यूब मात्र पार कुजल्या होत्या. त्या नव्या घ्याव्या लागल्या. हवा भरलेल्या टायरची गोष्ट मोठी गोड आहे. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलप नावाचे पशुवैद्य राहत असत. त्यांच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला रस्त्यावर फार धक्के बसत. तिची चाल मऊ व्हावी, म्हणून त्यांनी तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसविल्या आणि १८८८ साली त्या कल्पनेचे पेटंट घेतले. एका मुलाच्या खेळण्यासाठी केलेली ती खटपट पुढे साऱ्या जगाच्या उपयोगी पडली.

खरी परीक्षा होती ती चाकांची. पुढचे चाक फिरविले, की डावीउजवीकडे डुलत असे. यालाच कारागीर 'आऊट' म्हणतात. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे होते. इतक्या बारीक तारा माणसाचे वजन पेलतात, कारण त्या सर्व बाजूंनी सारख्या ताणलेल्या असतात. एक ढिली पडली, की चाकाचा तोल बिघडतो. अण्णा म्हणाले, "चाक माझ्याजवळ आण." चाक मांडीवर घेऊन ते सतार छेडावी तसा एकेक आरा बोटाने छेडू लागले. "हा आवाज बसका आहे. याला अर्धा फेरा दे. हा फार ताणलाय, थोडा सोड." दुपार उतरेपर्यंत आम्ही दोघे तेच करीत होतो. अखेर चाक फिरले आणि अगदी सरळ फिरले. मी डोळ्यांनी पाहिले; अण्णांनी रिमला बोट लावून ओळखले.

सायकलीला रंग द्यावा की नाही, हा प्रश्न शेवटी उरला. पुढच्या नळीवरचा रंग जेथे मी लहानपणी बसत असे, तेथे झिजून गेला होता. मी गंज तेवढा पॉलिश पेपरने काढला, तेलाचा हात दिला आणि तो भाग तसाच ठेवला. जे बिघडले होते ते सुधारावयाचे. जे केवळ वापराने झिजले होते, ते पुसून टाकण्याचे कारण नव्हते.

ती शोभेची म्हणून भिंतीवर टांगावी, असे कुणीतरी सुचविले. मला ते पटले नाही. सायकल चालली, तरच ती सायकल. आता माझी अकरावीतील पुतणी तिच्यावरून महाविद्यालयात जाते. पहिल्या दिवशी ती गल्लीत एक फेरी मारून आली, तेव्हा अण्णा कान देऊन ऐकत होते.

"मागचा ब्रेक किंचित घासतो आहे," ते म्हणाले. "रविवारी पाना काढून ठेव."