वर्डप्रेसमधील वाटा आणि देवनागरी पत्ते

संकेतस्थळ उभारण्यासाठी वर्डप्रेस प्रथमच हाताळणाऱ्या व्यक्तीचा गोंधळ बहुधा संगणकाच्या अज्ञानातून उद्भवत नाही. लिहिलेला मजकूर संकेतस्थळावर नेमका कुठे उमटणार, हे लिहिण्याच्या पडद्यावरून कळत नाही, हे त्याचे खरे कारण असते. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये एका जुन्या मुक्त प्रणालीच्या आधारे वर्डप्रेस सिद्ध केले तेव्हा ते मुख्यतः ब्लॉगलेखनासाठी होते, आणि त्या मुळाच्या खुणा आजही डॅशबोर्डवर, म्हणजे सारा कारभार जिथून चालतो त्या पडद्यावर, दिसतात. ‘पोस्ट’ म्हणजे तारखेनुसार रचला जाणारा लेख, तर ‘पेज’ म्हणजे तारखेच्या क्रमाबाहेरचे स्थायी पान. हा भेद ठाऊक नसलेला कार्यकर्ता आपल्या ग्रंथालयाचा परिचय पोस्ट म्हणून प्रसिद्ध करतो आणि नव्या कार्यक्रमांच्या बातम्या येऊ लागताच तो परिचय खाली सरकत जातो. ‘मुखपृष्ठ’ नावाचे पेज तयार केले तरी, ‘सेटिंग्ज’मधील ‘रीडिंग’ या विभागात त्याची निवड होईपर्यंत, दर्शनी भागी सहसा ताज्या पोस्टच दिसत राहतात.

मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि त्याचे रूप ‘थीम’ ठरवते, हे एकदा उमगले की थीम बदलल्याने लेख पुसले जातील ही भीती उरत नाही. मात्र २०२२ पासून रुळलेल्या ब्लॉक थीममध्ये ‘कस्टमाइझ’ऐवजी ‘एडिटर’ दिसतो, त्यामुळे जुनी मार्गदर्शिका समोर ठेवून शिकणारा सांगितलेले बटण शोधतच बसतो.

मराठी लेखकाने सर्वाधिक लक्ष द्यावे ते ‘स्लग’कडे, म्हणजे पत्त्यातील शेवटच्या, शीर्षकावरून आपोआप बनणाऱ्या भागाकडे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, साठवताना टक्क्याच्या खुणांसह ९ रोमन चिन्हांत रूपांतरित होते आणि स्लगची मर्यादा २०० असल्याने जेमतेम २२ चिन्हे मावतात. ‘कोकणातील कातळशिल्पांची ओळख’ असे साधे शीर्षकही तिसऱ्या शब्दात तुटते. पुष्कळजण यावर रोमन स्लगचा उपाय सुचवतात. तरीही मराठी संकेतस्थळाचा पत्ता मराठीतच असणे अधिक उचित आहे, आणि ‘कातळशिल्पे’ एवढा आटोपशीर स्लग हाताने लिहून ते सहज साधते. हे काम ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबण्यापूर्वीच उरकावे, कारण प्रसिद्ध पोस्टचा स्लग बदलल्यास वर्डप्रेस जुन्याची नोंद ठेवून वाचकाला नव्या पत्त्यावर नेते, परंतु पेजच्या बाबतीत तशी नोंद ठेवली जात नाही.