नोव्हेंबरातले काळे कोट

हेलसिंकीत नोव्हेंबरइतका वाईट महिना दुसरा नाही. पुढे बर्फ पडला की रस्ते जरा उजळतात. नोव्हेंबरात मात्र नुसता पाऊस, ओलं डांबर आणि दुपारी चारच्या सुमारास अंधार. त्यात इथल्या लोकांना काळे कोट फार प्रिय. आपली मंडळीही आल्या आल्या काळंच जाकीट घेतात, मळखाऊ म्हणून. गाडीच्या खालच्या झोतात अशा कपड्यांतला माणूस चालकाला जेमतेम 50 मीटरवरून दिसतो.

म्हणून इथे खिशातून दोरीला लोंबणारी प्लास्टिकची चकाकती चकती असते, हेयास्तिन. पेर्त्तेली गावच्या आर्वी लेहती या प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्याने घोडागाड्या अंधारात दिसाव्यात म्हणून परावर्तक तयार केले. 1960च्या दशकात ते माणसांच्या अंगावर आले. अंधारात चालताना चकती लावावी असं कायदा सांगतो, पण न लावल्यास दंड नाही. ती हवी गुडघ्याच्या उंचीवर, कारण झोत तिथे पडतो, आणि दोन्ही बाजूंना. पाठपिशवीवरची फक्त मागच्या गाडीला दिसते.

भारतातून आलेले पाहुणे हे सगळं बघून म्हणतात, “शिस्त आहे हो लोकांना!” मला हे पटत नाही. इथलेही लोक फोनमध्ये डोकं घालून चालतात, रात्री रिकाम्या रस्त्यावर लाल दिवा सर्रास मोडतात. शिस्तीचं श्रेय द्यायचंच तर ते गाड्यांना लावलेल्या शिस्तीला द्या.

1980च्या दशकात या शहरात वर्षाला तीसच्या आसपास माणसं रस्त्यावर मरत. 2019 मध्ये एकही पादचारी दगावला नाही. जुलै 2025 मध्ये तर त्याआधीच्या बारा महिन्यांत रस्त्यावर एकही मृत्यू झाला नसल्याचं जाहीर झालं. पायी, सायकलवर, गाडीत, कुणाचाच नाही. लोकवस्ती सात लाखांच्या जवळ! मधल्या काळात वेगमर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवली गेली आणि आज निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ती ताशी 30 किलोमीटर आहे. ताशी 50च्या गाडीची धडक 30च्या गाडीपेक्षा पावणेतीनपट जोरदार असते. या हिशेबापुढे चालकांची कुरकुर टिकली नाही. शिवाय रस्ते अरुंद केले, कॅमेरे बसवले.

दंडाचं तर विचारूच नका. मर्यादेपेक्षा वीस किलोमीटरहून जास्त वेग असला की दंड उत्पन्नावरून ठरतो. 2023 मध्ये फिनलंडच्याच आलंड बेटांवर 50च्या रस्त्यावर 82ने गाडी हाकणाऱ्या एका धनाढ्याला 1,21,000 युरो भरावे लागले. आपल्याकडे श्रीमंताला दंड म्हणजे पार्किंगच्या पावतीसारखा. इथे तो झोंबतो.

पुण्यात आपण हात दाखवत रस्ता ओलांडतो आणि समोरच्याच्या दयेवर पलीकडे पोचतो. पादचाऱ्याला सावधपणाचे धडे देणं स्वस्त पडतं, रस्ता बदलणं महाग, म्हणून आपल्या महापालिका फलकांवरच भागवतात. चकती मीही लावते, पण गाडी 60ने आली तर तिचा उपयोग बेताचाच.

इथे येणार असाल तर आणखी एक सांगते. इथल्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि आपली मान सवयीने आधी उजवीकडेच वळते. पाऊल टाकण्यापूर्वी डावीकडे बघा.