धूर कुणाचा?

लोखंड वितळायचं तर धूर होणारच, हे फॅब्रिकेशनच्या शेडचा सुपरवायझर म्हणून माझं ठरलेलं उत्तर होतं. कुणी खोकला की मी म्हणायचो, ‘घरी जाऊन गूळ खा.’ गुळाने छाती साफ होते यावर माझा विश्वास होता, आणि तो विश्वास स्वस्तही पडायचा.

एका दुपारी शेडमध्ये तिरपं ऊन आलं होतं. दोन वेल्डर शेजारी बसलेले. प्लेट तीच, रॉड तोच. एकाचा धूर उन्हात दाट उठत होता, दुसऱ्याचा जेमतेम. दुसरा कामचुकार आहे, असंच मला आधी वाटलं. जवळ जाऊन वेल्डची बीड पाहिली, चोख होती. तो म्हणाला, “साहेब, करंट थोडा कमी केलाय. करंट चढला किंवा आर्क लांब धरला की धूर वाढतो.” तक्रारीचा सूर नव्हता; हे मला ठाऊकच असणार, असं त्याने गृहीत धरलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. आणि पहिल्याच्या मशीनचा करंट सकाळी मीच चढवला होता, काम लवकर उरकावं म्हणून.

प्लेट तीच असताना धूर कमी होत असेल, तर तो निव्वळ प्लेटमुळे नव्हता. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की साध्या लोखंडावर सुमारे ९० टक्के धूर रॉड किंवा वायर आणि त्यातल्या फ्लक्समधून येतो. करंट वाढला, आर्क लांबला, की टोकाशी वाफ वाढते. मिग वेल्डिंगमध्ये आर्गॉन-मिक्सपेक्षा निव्वळ सीओटू जास्त धूर करतो. तोच आम्ही मागवायचो, स्वस्त म्हणून. गॅल्वनाइज्ड (जीआय) पत्र्यावर मात्र वरचं जस्त जळून धूर होतो आणि रात्री वेल्डर तापाने फणफणू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर, माणसात कर्करोग करतात हे निश्चित झालेल्या गोष्टींच्या गटात टाकला. या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक, थेट फुप्फुसात खोल जाणारे. गूळ तिथे काय करणार?

रॉड मी निवडला, करंट मी ठरवला, गॅस मी मागवला. छाती मात्र वेल्डरांची होती. ज्याला मी ‘होणारच’ म्हणत होतो, ती माझीच सेटिंग होती.

मी पुरता सुधारलो, असा दावा नाही. ऑर्डर घाईची असली की हात अजूनही करंटच्या नॉबकडे जातो. फक्त आता धूर वाढला, तर तो कुणी वाढवला हे मला नक्की माहीत असतं.