भिंगरीला काम हवं

आमच्या भिंगरीचं वजन साडेपाच किलो. जात जॅक रसेल टेरियर. दिवाणावरून खिडकीत, खिडकीतून चपलांच्या कपाटावर आणि तिथून आल्यागेल्याच्या पोटावर, असा तिचा संचार चालतो. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा येणारे विचारतात, “अजून पिल्लू आहे का?” पाच वर्षांची घोडी झालीये, असं सांगितलं की ते पाय वर घेऊन बसतात.

सासऱ्यांकडे एचएमव्हीच्या जुन्या तबकड्या आहेत. एकदा भिंगरीने तुळशीची माती दिवाणखान्यात आणली, तेव्हा कुत्र्याचं चित्र असलेली एक तबकडी माझ्यापुढे धरून अण्णा म्हणाले, “हा बघ, कसा शहाण्यासारखा बसलाय. कुत्रं असं असावं.”

“अहो अण्णा, तोही टेरियरच होता,” मी म्हटलं. “निपर त्याचं नाव, ब्रिस्टलचा. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावायचा. आणि हे चित्र काढलंय 1898मध्ये. तो गेला 1895ला.”

“तरीच!” म्हणत अण्णांनी तबकडी जागेवर ठेवली.

तिला दमवायचा विडा माझ्या नवऱ्याने उचलला होता. डांबर तापायच्या आत, पहाटेच दोघं म्हातोबाच्या टेकडीवर जायचे. परत आल्यावर हा पंख्याखाली आडवा आणि ही चेंडू तोंडात धरून त्याच्या छातीवर उभी. महिन्याभरात तिचा दम आणखी वाढला.

शेवटी आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी तिची कुळकथा सांगितली. इंग्लंडमधल्या डेव्हनचा जॉन रसेल (1795–1883) हा पाद्री शिकारीचा मोठा शौकीन. कोल्हा बिळात शिरला की मागोमाग आत घुसून त्याला बाहेर काढेल, असं चिवट आणि अंगाने सडपातळ कुत्रं त्याला हवं होतं. रंग शक्यतो पांढरा, म्हणजे गडबडीत कोल्हा आणि कुत्रा यांची गल्लत व्हायला नको. आत गेल्यावर भुंकत राहायचं, म्हणजे कुठे खणायचं ते वरच्यांना कळतं. हुकमाची वाट बघायची नाही, कारण बिळात मालक नसतो. भुंकणं, उकरणं, न ऐकणं, ज्याला आम्ही खोड्या म्हणत होतो ते सगळं तिच्या पूर्वजांत निवडून जोपासलेलं होतं. “पळवू नका, काम द्या,” डॉक्टर म्हणाले.

काम सासूबाईंनी शोधलं. जुन्या साड्यांच्या चिंध्या टबात भरून त्यात त्या भिंगरीचं सकाळचं खाणं पेरतात. नाक खुपसून ती एकेक दाणा हुडकते, आणि मग चक्क झोपते. दुपारी अण्णा चष्म्याचं घर लपवतात. टेकडीवरही आता धावाधाव नसते. पट्टा सैल सोडायचा आणि हवं तिथे हवा तितका वेळ हुंगू द्यायचं. अंतर निम्म्यावर आलं, पण घरी आल्यावर छातीवर कोणी उभं राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी कुरतडल्या जात होत्या. एका संध्याकाळी गटाराच्या कडेच्या एका फरशीपाशी भिंगरी थिजली आणि मग एकाच जागी भुंकत सुटली. वॉचमनकाकांनी पहार घालून फरशी उचलली. खाली घुशींचं भलंमोठं बीळ! तिला आत झेपावू दिलं नाही. लेप्टोची लस दरवर्षी देतो, तरी घुशीशी झटापट नकोच. पण जागा तिने अचूक दाखवली होती. तिच्या भुंकण्याबद्दल लेखी तक्रार करणारे शेजारी हल्ली जिन्यात थांबवून म्हणतात, “वहिनी, भिंगरीला जरा खाली फिरवून आणा ना.”

असं कुत्रं आपणही घ्यावं का, असं ओळखीपाळखीचे विचारतात. त्यांना वाटतं, एवढासा जीव, छोट्या फ्लॅटला बरा. जागेवाचून तिचं खरंच अडत नाही. पण रोज उठून तिला काहीतरी शोधायला द्यायची घरातल्या सगळ्यांची तयारी हवी. नसेल तर ती आपलं काम आपणच काढते, आणि सुरुवात सोफ्यापासून करते.