गोळीचे खरे नाव तुम्हाला माहीत आहे का?



आषाढी वारीसाठी आमच्या मुक्ताईनगरातून संत मुक्ताबाईंची पालखी निघते. त्याआधीचे आठ-दहा दिवस माझ्या दवाखान्यात वारकऱ्यांची गर्दी असते. बुलढाणा, जालना, बीड करत पंढरपूरपर्यंत पायी जायचे, म्हणजे बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या पिशवीत हव्यातच.

काही वर्षांपूर्वी पासष्टीच्या एक मावशी अशाच महिनाभराच्या गोळ्या घेऊन गेल्या. वाटेत पावसाने पिशवी भिजली. बीड जिल्ह्यातल्या एका मेडिकलमध्ये त्यांनी जुने पाकीट दाखवले. दुकानदाराने तेच औषध दिले, फक्त कंपनी दुसरी. इथपर्यंत सगळे ठीक होते. घरी परतल्यावर मात्र मावशींनी डब्यातली माझी गोळी सुरू केली आणि ‘वारीतली गोळीही चांगली लागू पडली’ म्हणून तीही चालू ठेवली.

श्रावणी सोमवारी त्यांनी उपवास धरला. सकाळी चहाबरोबर दोन्ही गोळ्या घेतल्या. दुपारी मुलाने त्यांना उचलूनच आणले. अंग घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध. घरच्यांना वाटले, उपवासाने चक्कर आली. तपासली तर रक्तातली साखर ४१! ७० च्या खाली गेली तरी ती कमीच मानतात. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या.

त्यांनी दोन्ही पाकिटे टेबलावर ठेवली. “डॉक्टरसाहेब, एक तुमची, एक तिकडची. वेगळ्या आहेत ना?” रंग वेगळा, वरचे नाव वेगळे. पण आतले औषध एकच होते, ग्लिमेपिराईड.

चूक माझीही होती. मी चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहिले, ‘सकाळी एक’ म्हणालो आणि पुढचा पेशंट बोलावला. औषधाचे नाव सांगितले नाही, उपवास करता का हेही विचारले नाही. तेव्हापासून पुढचे पाच शब्द मी प्रत्येकाला समजावून सांगतो.

१. मूळ नाव (जेनेरिक)

गोळीला दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, म्हणजे ब्रँड. दुसरे आतल्या औषधाचे, म्हणजे जेनेरिक. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे वेगळी, पण तिन्हींतले औषध पॅरासिटामॉलच. ताप उतरेना म्हणून एकावर दुसरी घेतली, तर डोस दुप्पट होतो आणि जास्त पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरते. पाकिटावर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापायचा नियम २०१८ मध्ये आला. तीन किंवा अधिक औषधांच्या एकत्र गोळ्यांना तो लागू नाही. अक्षरे इंग्रजीत असतील, तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या.

२. मात्रा (डोस)

‘अर्धी गोळी’ हे माप पुरेसे नाही. तीच गोळी १ मिलिग्रॅमचीही मिळते आणि २ मिलिग्रॅमचीही. नावाबरोबर आकडाही पाहा.

चिठ्ठीवरची अक्षरेही ओळखून ठेवा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एसओएसची दुखण्याची गोळी रोज घेऊन मूत्रपिंडाला त्रास झालेले पेशंट मी पाहिले आहेत.

३. अर्धायुष्य (हाफ लाइफ)

रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. पॅरासिटामॉलचे साधारण २ ते ३ तास, म्हणून त्याचा परिणाम लवकर ओसरतो. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनचे ३० ते ५० तास, म्हणून ती दिवसातून एकदाच पुरते. मावशी तासाभरात “बरं वाटतंय, घरी जाते” म्हणू लागल्या. मी सोडले नाही. ग्लिमेपिराईडचा परिणाम दिवसभर टिकू शकतो. वय जास्त किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही अधिक. ग्लुकोज दिल्यावर वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून त्यांना रात्रभर ठेवून घेतले.

४. दुष्परिणाम आणि अ‍ॅलर्जी

हे दोन्ही एक नव्हेत. मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळ होते, पोट बिघडते. हा दुष्परिणाम, बहुधा काही दिवसांत कमी होतो. गोळी घेतल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे ही अ‍ॅलर्जी. ती गोळी पुन्हा घ्यायची नाही. श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा. त्या औषधाचे मूळ नाव कागदावर लिहून कायम जवळ ठेवा.

५. निषेध आणि आंतरक्रिया

एखादे औषध एखाद्या माणसाला द्यायचेच नसते, तो निषेध. उदाहरणार्थ, गरोदरपणात बीपीच्या काही गोळ्या चालत नाहीत. दोन औषधे एकमेकांचा परिणाम वाढवतात किंवा कमी करतात, ती आंतरक्रिया. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक औषधेही त्यातच.

शुगरच्या पेशंटनी एवढे लक्षात ठेवा. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे वाटले तर साखर तपासा. यंत्र नसेल तर वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्या. बरे वाटल्यावर काहीतरी खा आणि डॉक्टरांना कळवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात आणा. उपवास करायचा असेल तर आधी सांगा, त्या दिवसाचा डोस बदलावा लागू शकतो. मात्र हा लेख वाचून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मावशी पुढच्या वर्षीही वारीला निघाल्या. जाण्याआधी दवाखान्यात आल्या तेव्हा पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद होता. त्यावर नातीने मराठीत लिहिले होते: ग्लिमेपिराईड १ मिलिग्रॅम, सकाळी जेवणाआधी, जेवण नसेल तर डॉक्टरांना विचारणे.

असा एक कागद आज तुमच्याही घरी तयार करा.