गाडीचा चातुर्मास

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या घरात उघडे राहण्याची परवानगी फक्त दोन गोष्टींना असते. एक दार, दुपारचे वारा यावा म्हणून. आणि दुसरे तोंड. बाकी सगळ्याला कव्हर. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या डोक्यावर कव्हर, फ्रिजच्या मुठीला निराळे कव्हर. सोफ्याला कव्हर असतेच, पण पाहुणे येणार असले की त्या कव्हरावर आणखी एक ठेवणीतले कव्हर. सोफ्याचा मूळ रंग कोणता, हे फक्त विकणाऱ्या दुकानदाराला माहीत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि टीव्ही घरात आले, तेसुद्धा सरकत्या दाराच्या लाकडी पेटीत बसून. त्या पेटीवर क्रोशाचा रुमाल, आणि रुमालावर एक काचेचे हरीण. पुढे रिमोट आला, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गेला. पिशवी इतकी धुरकट होते की आकडे दिसत नाहीत आणि बातम्यांऐवजी भक्तिसंगीत लागते. पण आतला रिमोट कोरा करकरीत राहतो.

ही खोड चाळीत जन्मते आणि समुद्र ओलांडला की सुटते, असे आमच्या साडूंचे मत. साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दादरच्या चाळीतून उठून न्यू जर्सीला गेले, त्याला आता जवळजवळ चाळीस वर्षे झाली. २०२३ सालच्या दिवाळीला त्यांनी आम्हा उभयतांना बोलावले. तिकिटेही त्यांनीच पाठवली, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. साडूंचे ते एक नातेच असे आहे की घेताना ओशाळायचे नसते, फक्त माघारी तुलना ऐकायची तयारी ठेवायची.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घर दाखवले. "बघा," ते म्हणाले, "कुठे कव्हर दिसतंय? इथं वस्तू वापरायला घेतात, जपायला नाही." खरेच, सोफा उघडा होता, मिक्सर उघडा होता, टीव्ही तर भिंतीवर निर्लज्जपणे उघडा होता. आमची ही त्या सोफ्यावर टेकताना सुद्धा आधी पदराने झटकून मग बसली. सगळे घर दाखवून झाल्यावर साडूंनी स्वयंपाकघराला लागून असलेले एक दार उघडले, दिवा लावला आणि आवाज एकदम खाली आणला. "हळू या," म्हणाले.

ते गॅरेज होते. दोन गाड्यांची जागा. एका जागेत गवत कापायचे यंत्र, बर्फ उपसायची फावडी, गणपतीचे मखर आणि रिकामी खोकी. दुसऱ्या जागेत करड्या रंगाच्या पांघरुणाखाली काहीतरी झोपले होते. रोजच्या वापरातल्या दोन्ही गाड्या, ज्यांच्या जिवावर घर चालते, त्या बाहेर उघड्यावर दवात भिजत होत्या. मिळवता मुलगा ओसरीवर आणि लाडका माजघरात, हा प्रकार अमेरिकेतही आहे तर!

साडूंनी पांघरूण काढायला सुरुवात केली. ओढून नव्हे! दोन्ही बाजूंचे काठ आधी टपावर अलगद दुमडले, मग पुढून आणि मागून मधोमध वळकटी करत आणली. आतली बाजू जमिनीला लागली तर तिला खडा चिकटतो, आणि तोच पुढच्या वेळी रंगावर ओरखडा काढतो, असे त्यांनी समजावले. सत्यनारायणाच्या चौरंगावरचे वस्त्रही कुणी एवढ्या हळुवार हाताने उचलत नाही. खाली निघाली लालभडक, बुटकी, दोनच माणसे बसतील अशी स्पोर्ट्‌स कार. जपानी मझ्दा कंपनीची मियाटा, १९९६ सालची. ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली १९८९ साली, शिकागोच्या मोटारींच्या प्रदर्शनात. २०१६पर्यंत तशा दहा लाख तयार झाल्या. उघड्या छताची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार जगात एवढी दुसरी कुठलीच खपली नाही. आमच्या साडूंच्या मियाटाचे दिवे पापणी मिटल्यासारखे बॉनेटमध्ये बसलेले असतात, बटन दाबले की डोळे उघडून वर येतात. साडूंनी दाबून दाखवले. गाडीने आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा डोळे मिटले.

"पण भाऊसाहेब," मी विचारले, "इथं ऊन नाही, पाऊस नाही, कावळा नाही. घरात घर, त्यात पुन्हा कव्हर कशाला?"

झाले! साडूंना अशाच प्रश्नाची वाट पाहायची होती. म्हणाले, गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन. म्हणजे आपल्या पासबुकाच्या एखाद्या पानाएवढी. आणि हवेतल्या धुळीत जे वाळूचे कण असतात, ते असतात गारगोटीचे. काचेवरही चरे पाडतील इतके कठीण. बंद गॅरेजातही ही धूळ बसतेच. मग कुणीतरी प्रेमाने त्यावर कोरडे फडके फिरवतो, आणि त्या कणांचा खरकागद होतो. शिवाय शेजारचे मांजर आहे, खोके काढताना लागणारा कोपरा आहे, पाहुण्यांच्या कोटाची चेन आहे. हे म्हणताना त्यांनी माझ्या कोटाकडे पाहिले. मी कोट हाताने मिटून एक पाऊल मागे सरलो.

कव्हरही साधे नव्हते. ह्याच गाडीच्या मापाने बेतलेले, पुढेमागे इलॅस्टिक, आणि दोन बाजूंच्या आरशांसाठी कानटोपीला असावेत तसे दोन खिसे. आतून अस्तर तान्ह्या बाळाच्या दुपट्यासारखे मऊ. सैल कव्हर घसरते आणि घासते, म्हणून ते अंगासरशी हवे. बाहेर उघड्यावरच्या गाडीचे कव्हर निराळे, ते पाणी अडवणारे लागते. घरातल्याने पाणी अडवायचे नसते, श्वास घ्यायचा असतो. प्लॅस्टिक घातले तर आतली दमट हवा आतच कोंडते, आणि जपायला म्हणून झाकलेली गाडी आतून गंजते.

"एवढं काय सांगतोस त्यात!" मागून आवाज आला. साडूंच्या मातोश्री, माई, वय वर्षे शहाऐंशी, काठी टेकत दारात येऊन उभ्या होत्या. "पैठणी कशी ठेवतात? जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली की रेशीम गेलं. आणि चार-सहा महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर घडीवर जर तुटते. तुझ्या आज्जीला ठाऊक होतं हे."

साडूंनी कबूल केले की गाडीचीही घडी बदलावी लागते. महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली तर टायर खालच्या बाजूने चपटे बसतात. चाळ सोडून साडूंना चाळीस वर्षे झाली होती, पण चाळीने काही साडूंना सोडले नव्हते. फक्त पैठणीला आता चाके होती.

हे सगळे नोव्हेंबरात कशाला, तर तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ आणि पाणी एकत्र आले की लोखंडाची काय गत होते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून हौशी लोक अशा गाड्या थंडीआधीच झोपवतात, त्या वसंतात उठवतात. आपल्याकडे कार्तिकीला देव उठतात. न्यू जर्सीत नेमकी त्याच सुमारास गाडी झोपते. आणि ह्या चातुर्मासाचे विधी काय थोडे आहेत! आधी गाडीला स्नान. मग ती खडखडीत कोरडी करायची, कारण ओल्या किंवा मळक्या गाडीवर कव्हर घालणे म्हणजे न घालण्यापेक्षा वाईट. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी आत धरत नाही; पेट्रोल शिळे होऊ नये म्हणून त्यात औषधाचे दोन घोट. बॅटरीला बारीक धारेचे चार्जर, सलाइन लावल्यासारखे. टायरमध्ये थोडी जास्त हवा. हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे, कारण ओढलेला ब्रेक तसाच चिकटून बसतो. धुराच्या नळीत लोखंडी काथ्याचा बोळा, उंदराने बाळंतपणाला येऊ नये म्हणून. आणि वसंतात तो बोळा काढायची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला एक चिठ्ठी. आमच्या कपाटातल्या साड्यांना एवढी व्यवस्था कळली तर त्या संपावर जातील.

दिवाळीनंतरच्या शनिवारी हा समारंभ ठरला. सकाळी साडूंनी आणि मी, म्हणजे मुख्यतः मी, गाडी धुतली, पुसली. कव्हर चढवायला दोन माणसे लागतात. पुढचे टोक माझ्या हाती, मागचे त्यांच्या. माई बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "यंदा कितीदा चालवलीस रे?"

साडू म्हणाले, "तीनदा."

"तीनदा?"

"एकदा पाऊस येईलसं वाटलं. एकदा रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, खडे उडतात. आणि मग..." इथे साडू थांबले आणि त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला.

आता हे सांगितले पाहिजे की मियाटात बसणे म्हणजे खुर्चीत बसणे नव्हे. पाटावर बसणे आहे. तिशीतला मनुष्य त्यात उडी मारतो, पन्नाशीतला उतरतो, आणि साठी उलटली की आत शिरल्यावर बाहेर कसे यायचे याचा आराखडा आधी मांडावा लागतो. साडूंना बासष्टावे चालू होते. लहानपणी गिरगावातल्या एका केशकर्तनालयात टांगलेल्या कॅलेंडरावर त्यांनी अशीच एक लाल उघडी गाडी पाहिली होती. ती घ्यायला पंचेचाळिशी उजाडली, कारण आधी कर्ज होते, मग मुलीचे कॉलेज होते. घेतली तीही जुनी. आणि घेतल्यापासून ती त्यांनी अशी ठेवली की आज सत्तावीस वर्षांची गाडी कोवळी दिसते. तिच्या रंगाला एक ओरखडा नाही, छताच्या कापडाला एक सुरकुती नाही. सुरकुत्या सगळ्या मालकाच्या वाट्याला आल्या. त्यांच्या गुडघ्याच्या मापाचे कव्हर काही बाजारात मिळत नव्हते.

माई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी पैठणी मी तुझ्या मुंजीत नेसले आणि तुझ्या लग्नात नेसले. बाकीची वर्षं ठेवली जपून. मागल्या साली काढली तर अगदी नवीच्या नवी. पण नऊवारीचं ते ओझं आता कमरेला पेलवेना. शेवटी तुझ्या लेकीला दिली. ती नेसून गेली ऑफिसात दिवाळी करायला, खाली बूट घालून! मी म्हटलं, घाल बाई, बूट तर बूट." मग काठीने गाडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मीठ टाकलंय का रे आज रस्त्यावर?"

"नाही, अजून नाही."

"मग मला बसव त्यात."

माईंना आत बसवायला तीन माणसे लागली. आमच्या हिने डोक्याला शाल गुंडाळली, ताईंनी मांडीवर आणखी एक घातली. म्हणजे गाडीचे कव्हर निघाले आणि माईंना चढले. साडूंनी छत मागे दुमडले, स्वतःही दोन हप्त्यांत आत बसले, आणि गाडी रस्त्याला लागली. आम्ही तिघे फडकी हातात घेऊन दारात उभे. ती जी गेली ती पाऊण तास आली नाही. ताईंचे फोन वर फोन चालू होते, आणि साडूंचा फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वाजत होता.

आले तेव्हा दोघांचीही नाके गाडीच्या रंगाची झाली होती. माईंना बाहेर काढायला चार माणसे लागली. "बरी आहे," त्यांनी गाडीला प्रमाणपत्र दिले. "जमीन अगदी जवळून पळते." साडू काहीच बोलले नाहीत. सगळी पुन्हा धुवायला लागणार होती. चाकांना चिखल होता, काचेवर एक चिरडलेला किडाही होता. एरवी असा किडा पाहून त्यांचा रक्तदाब वाढता. त्या दिवशी त्यांनी तो नखाने काढला आणि शीळ घालत नळी आणायला गेले. इंजिन गार व्हायला हवे होते, कारण तापलेल्या गाडीवर कव्हर घालत नाहीत. त्यामुळे मधल्या वेळात चहा झाला, चिवडा झाला आणि अंधार पडता पडता गाडी पांघरुणात गेली. स्टिअरिंगवरच्या चिठ्ठीवर साडूंनी बोळा काढायच्या आठवणीखाली आणखी एक ओळ लिहिली. मी वाकून वाचली. 'दर रविवारी. माईंसह. ढग असले तरी.'

मी कव्हराच्या विरुद्ध नाही. जपणे ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. ज्यांना एक वस्तू घ्यायला वीस वर्षे थांबावे लागले, ते ती झाकून ठेवणारच. पण माझा जन्म खातेवह्यांत चालला आहे, म्हणून तेवढे एक सांगतो. आमच्याकडे बचत खात्यात दोन वर्षे खातेदाराने एकही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय धरतात. दहा वर्षे तसेच पडून राहिले तर आतली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाऊन बसते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते. पण वारस कागद घेऊन रांगेत उभे असतात तेव्हा, ज्याने ती जपली, तो त्या रांगेत नसतो. खाते चालू ठेवायला फार मोठी उलाढाल लागत नाही. शंभर रुपये काढले तरी पुरते. काउंटरवर मी लोकांना हे रोज सांगतो. लोक मान डोलावतात, आणि पासबुक पुन्हा प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून निघून जातात.