पेसमेकर, उपकाराची भाषा आणि 'दुखतंय' म्हणण्याचा हक्क

आपल्या वस्त्यांमध्ये आता पेसमेकर बसवलेली माणसं दिसू लागली आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे हे यंत्र गरिबाच्या छातीतही बसतं. ही मोठी गोष्ट आहे, ती कमी लेखायचं कारण नाही. पण यंत्र बसल्यावर होणारा त्रास आपली माणसं डॉक्टरांना सांगतात का? वस्तीत काम करताना आम्हाला दिसतं ते असं की बहुतेक जण सांगत नाहीत. लोक याला भिडस्त स्वभाव म्हणतात. आमच्या मते हा स्वभावाचा प्रश्न नाही, सामाजिक प्रश्न आहे.

आमच्या घरचंच उदाहरण घ्या. आमच्या आईने तीस वर्षं लोकांच्या घरची धुणीभांडी केली. त्या कामात 'हो ताई' आणि 'चालेल ताई' यापलीकडे तिसरं वाक्य चालत नाही. तिला पेसमेकर बसला, चक्कर येऊन पडणं थांबलं. पण डाव्या कुशीवर झोपलं की बरगडीखाली आतून कोणीतरी टिचक्या मारतंय असं तिला होई, उचक्या लागत. रात्र रात्र ती भिंतीला टेकून बसून काढी. खांद्याजवळ यंत्राच्या उंचवट्यावर आतल्या कपड्याची पट्टी घासून कातडी लाल झाली होती. ते पुरुष डॉक्टरला कसं दाखवायचं, हा आणखी एक संकोच. तपासणीला डॉक्टर विचारत, "कसं आहे?" ती म्हणे, "बरं आहे साहेब."

आम्ही विचारलं, "आई, सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "अरे, एवढं महागाचं मशीन त्यांनी फुकटात बसवलं. आता कुरकुर कुठल्या तोंडानं करायची?"

सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. फुकटात कोणी बसवलं? योजनेचा पैसा सरकारी तिजोरीतून येतो. त्या तिजोरीत साबणाची वडी विकत घेणाऱ्या बाईचाही कर जमा होतो. डॉक्टरांच्या कौशल्याचा आदर करूच, पण हा उपकार नाही, नागरिक म्हणून मिळालेली सेवा आहे. ज्याला आपण उपकार समजतो त्याच्याविषयी तक्रार करता येत नाही. म्हणून तर व्यवस्थेला उपकाराची भाषा आवडते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी कोणाच्या कृपेने मागितलं नव्हतं. १९२० साली काढलेल्या पत्राला त्यांनी 'मूकनायक' हे नाव दिलं. मुक्यांना वाचा देणं हेच त्या कामाचं सूत्र होतं. मग दवाखान्याच्या दारात आपण पुन्हा मुके का व्हायचं?

या मुकेपणाला इतिहास आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बाबासाहेबांनी काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं १९२९ साली प्रसिद्ध झालेलं पत्र दिलं आहे. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता, तिला वस्तीबाहेर आणवलं. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाकडे दिलं, त्याने शिक्षकाकडे, शिक्षकाने बायकोकडे, आणि ते त्याच वाटेने परत गेलं. हात न लावता निदान झालं. ती बाई वाचली नाही. आज कायदा बदलला आहे आणि प्रत्येक घाईतल्या डॉक्टरवर जातीयतेचा शिक्का मारणं चूक ठरेल. दिवसाला शेकडो रुग्ण तपासणारी माणसंही दमतात. पण 'आपल्याला बघितलं हेच खूप' ही पिढ्यांची सवय कायद्याने जात नाही. ती आपणच मोडावी लागते.

आता यंत्राची बाजू. पेसमेकर एकदा बसवला की विषय संपला, असं नसतं. गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक छोटी डबी असते. तिच्यातून तारा शिरेवाटे हृदयात जातात. ठोक्यांचा वेग आणि विजेचा जोर बाहेरून, कातडी न कापता, प्रोग्रामर नावाच्या यंत्राने बदलता येतो. तारेतली वीज कधी श्वासपटलाला किंवा त्याच्या नसेला लागते, तेव्हा पोटात झटके बसतात, उचक्या लागतात. काही प्रकारच्या पेसमेकरमध्ये हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा मेळ बिघडून थकवा, चक्कर, मानेत ठोके जाणवणं असा त्रास होतो. हे सगळं साध्या तपासणीत दिसेलच असं नाही. कुठल्या कुशीवर झटके बसतात हे फक्त रुग्णच सांगू शकतो. म्हणून त्याचं सांगणं ही कुरकुर नसते, ती निदानासाठी लागणारी माहिती असते.

या यंत्राचा जन्मही गप्प न बसण्यातून झाला. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. शल्यविशारद सेनिंग आणि अभियंता एल्मक्विस्ट यांच्या मागे लागून हे घडवून आणलं ते त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे वीसपेक्षा जास्त यंत्रं बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले.

"दुःख सहन करणं हाच धम्म" असं सांगणारे आपल्यातही आहेत. त्यांनी विनयपिटकातला महावग्ग पाहावा. रुग्णाची सेवा सोपी कशाने होते हे सांगताना तथागतांनी आपला आजार आहे तसा सेवा करणाऱ्याला सांगणं हा रुग्णाचा गुण मानला आहे: वाढतोय, कमी होतोय की तसाच आहे. वेदना सोसण्याची ताकदही त्याच यादीत आहे, पण ती सांगण्याच्या सोबत आहे, सांगण्याऐवजी नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही आईसोबत गेलो, कागदावर तीन ओळी लिहून. टेबलावरचा माणूस म्हणाला, "फुकटात झालंय ना, मग आणखी काय पाहिजे?" आम्ही आवाज न चढवता म्हणालो, "प्रोग्रामर लावून यंत्र तपासायचं आहे. डॉक्टरांना भेटू द्या." डॉक्टरांनी कागद वाचला, आईला डाव्या कुशीवर झोपवलं, हात लावून पाहिलं. विजेचा जोर सुरक्षित मर्यादेत कमी केला. झटके तिथेच थांबले. खांद्याची कातडी बाई डॉक्टरने पाहिली. जखमेचा व्रण अजून ओढतो, पण आई आता झोपते.

तरुण मित्रांनो, वस्तीत हे काम करा. त्रास केव्हा होतो, किती वेळ टिकतो, कशाने थांबतो हे रुग्णाच्या शब्दांत लिहून घ्या. पेसमेकरचं कार्ड कायम जवळ ठेवायला सांगा. डबीच्या जागी लाली, सूज, पू दिसला, ताप आला, कातडी पातळ झाली किंवा शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी यंत्र बसवलेल्या दवाखान्यात न्या. गल्लीतल्या डॉक्टरला तिथे सुई टोचू देऊ नका. कोणी ऐकत नसेल तर योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, लेखी अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागणी केल्यावर ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रं मिळाली पाहिजेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत माहितीचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा आणि तक्रारीचा हक्क नोंदवलेला आहे.

आणि एकट्याला पाठवू नका. साहेबांसमोर ज्याचा आवाज बसतो, त्याच्या शेजारी आपल्यातलं कोणीतरी उभं असलं पाहिजे. बोलायचं मात्र त्यानेच. आपण फक्त त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत तिथून हलायचं नाही.

जय भीम!